दहा मिनिटांत गाडीभर जवानांना खायला घालायचं म्हणजे नेमकं काय? नॉर्थ प्लॅटचं गणित

प्रश्न एका हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या पोराचा आहे. त्याने कुठंतरी वाचलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या नॉर्थ प्लॅट नावाच्या छोट्या गावाने रेल्वे स्टेशनवर कॅन्टीन चालवून ६० लाख जवानांना फुकट खायला घातलं, तेही गाडी दहा-पंधरा मिनिटंच थांबत असताना. त्याचं म्हणणं, हे खरं आहे की फुगवून सांगितलंय? आणि खरं असेल तर सेटअप कसा असेल?

मी २८ वर्षं एएससीत, म्हणजे फौजेच्या पुरवठा विभागात काढली, त्यातली बरीच लंगर (फौजेचं स्वयंपाकघर) आणि राशनच्या कामात, सुभेदार म्हणून रिटायर झालो. मिलिटरी स्पेशलमधनं इतका प्रवास झालाय की अजून झोपेत बर्थ डावीकडं आहे की उजवीकडं ते कळत नाही. त्यामुळं या विषयावर बोलायला लागलो की लांबतं, आधीच सांगून ठेवतो.

तर खरं आहे. आकडा गोल केलेला असणार हे उघड आहे, दारात उभं राहून कुणी प्रत्येक डोकं मोजलं नसणार, पण खोटा नाही. हिशोब करून बघा. कॅन्टीन सुरू झालं २५ डिसेंबर १९४१ ला, बंद झालं १ एप्रिल १९४६ ला. हे साधारण १,५५८ दिवस होतात. ६० लाखाला भागा, दिवसाला ३,८५० च्या आसपास येतात. आणि त्या काळातल्या नोंदी काय सांगतात, तर दिवसाला तीन ते पाच हजार जवान आणि गर्दीच्या दिवशी २४ पर्यंत गाड्या. म्हणजे दोन वेगळ्या बाजूंनी आलेले आकडे एकमेकांना धरून आहेत. राशनचा माणूस आधी हेच बघतो, इंडेंट (मागणी) आणि खर्च जुळतोय का.

आता गाव. नेब्रास्का राज्य, सगळीकडं शेती आणि गुरं, वस्ती जेमतेम १२ हजार. आपल्याकडं तालुक्याचं गावसुद्धा याहून मोठं असतं. पण युनियन पॅसिफिक रेल्वेच्या मेन लाईनवर, म्हणजे देशाच्या पूर्वेकडनं पश्चिमेकडं जाणारी फौज मोठ्या प्रमाणात इथनंच जायची. आणि वाफेची इंजिनं होती हे विसरू नका. इंजिनला पाणी हवं, तेल-ग्रीस हवं, तपासणी हवी. त्यासाठी गाडीला इथं थांबावंच लागायचं. कॅन्टीनसाठी गाडी थांबत नव्हती, गाडी थांबायची म्हणून कॅन्टीन झालं. हे नीट डोक्यात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. ओहायोत डेनिसन म्हणून गाव आहे, तिथं साल्व्हेशन आर्मीने (नावात आर्मी असली तरी ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था) असंच कॅन्टीन चालवलं, १३ लाख जवान तिथनं खाऊन गेले, आणि तेही पिट्सबर्ग आणि कोलंबसच्या साधारण मध्ये पाणी भरायचं स्टेशन होतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रेस्टन स्टेशनवर बायकांनी रात्रंदिवस पाळ्या लावून फुकट चहा-नाश्ता दिला, १९१५ ते १९१९, तिथंही ३० लाखांच्या वर गेले. तेही मोठं जंक्शनच होतं. गाडी नाइलाजाने थांबते अशीच जागा प्रत्येक वेळी निघते.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा आहे. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दहा दिवस झाले होते. १७ डिसेंबर १९४१. गावात बातमी पसरली की नेब्रास्का नॅशनल गार्डची डी कंपनी, म्हणजे आपलीच पोरं, गाडीने इथनं जाणार आहेत. पाचेकशे लोक स्टेशनवर जमले, कुणी केक, कुणी सिगारेट, कुणी बिस्किटं घेऊन. गाडी आली. डी कंपनी होती खरी, पण कॅन्ससची! दुसऱ्याच राज्याची. क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी हातातलं सामान खिडकीतनं आत दिलं, आणि बाकीच्यांनीही दिलं. घरच्यांसाठी आणलेलं परक्यांना देऊन लोक परत गेले.

त्या गर्दीत रे विल्सन नावाची २६ वर्षांची मुलगी होती, दुकानात कामाला, तिचा भाऊ त्या नेब्रास्काच्या कंपनीचा कॅप्टन. तिने दुसऱ्याच दिवशी गावातल्या पेपरला पत्र लिहिलं की आपण हे रोज का करू नये, कॅन्टीन काढा, चालवायला मी माझा वेळ फुकट देते. आणि आठवड्यात, ख्रिसमसच्या दिवशी कॅन्टीन सुरू. आता इथं एक गोष्ट नशिबाची होती. युनियन पॅसिफिकचा प्रेसिडेंट विल्यम जेफर्स हा नॉर्थ प्लॅटचाच, पोरगा असताना तिथंच रेल्वेत निरोप्याच्या कामाला लागून वर चढलेला माणूस. त्याने स्टेशनमधली बंद पडलेली जेवणाची खोली वापरायला दिली. ही खोली मिळाली नसती तर काय झालं असतं याचा विचार करा, नेब्रास्काच्या थंडीत प्लॅटफॉर्मवर उघड्यावर टेबलं मांडून चार वर्षं कुणी टिकलं नसतं. तब्येतीमुळं रे विल्सनला लवकरच बाजूला व्हावं लागलं, पुढं शेवटपर्यंत हेलन ख्राइस्ट नावाच्या बाईंनी सांभाळलं. नाव पहिलीचं होतं, रोजचा गाडा दुसरीने ओढला. आमच्याकडं युनिटमध्येही असंच असतं, असो.

आता मुद्द्याचं, दहा मिनिटं.

समजा गाडीत ३०० जवान आहेत आणि गाडी दहा मिनिटं थांबते. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. डब्यातनं उतरून कॅन्टीनपर्यंत पळत यायला आणि परत चढायला तीन-चार मिनिटं जातात, शेवटच्या डब्याला जास्तच. राहिली सहा मिनिटं, ३६० सेकंद. एक लाईन लावली तर प्रत्येकाला सव्वा सेकंद मिळतो. सव्वा सेकंदात माणूस ‘थँक्यू’सुद्धा म्हणू शकत नाही. म्हणजे लाईन हा प्रकारच बाद. लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी मोकळी, आठ ठिकाणी एकदम उचलता येईल असं सामान, मग प्रत्येकाला साधारण दहा सेकंद मिळतात. आणि दहा सेकंदात वाढायचं काही नाही, फक्त उचलायचं. कूपन नाही, सही नाही, युनिट कुठलं विचारायचं नाही, रँक बघायची नाही. आपल्या लोकांना हे जमत नाही बघा, आपण पंगतीत सुद्धा आग्रह करत बसतो, ‘अजून एक घ्या की’. तिथं आग्रहाला वेळच नव्हता.

म्हणून मेनू बघा काय होता. सँडविच, उकडलेली अंडी, डोनट, कुकीज, केकचे तुकडे, फळं, दूध, कॉफी. ताट लागेल असं काहीच नाही. चमचा लागेल असं काही नाही. एका हातात मावतं आणि पळत पळत खाता येतं. आमच्या हॅवरसॅक राशनमध्ये, म्हणजे वाटेत खायला बांधून देतात त्यात, पुरी, सुकी भाजी, शकरपारे आणि उकडलेलं अंडं का असतं, याचंही उत्तर हेच आहे. उकडलेल्या अंड्याला तर मी सलाम करतो, पॅकिंग कोंबडीनेच करून दिलेलं, वर धूळ बसली तरी आत काही होत नाही, आणि किती खाल्ली ते टरफलं मोजून कळतं.

आता नोंदीतला एक महिना घेऊ, मार्च १९४५. त्या महिन्यात ४०,१६१ कुकीज, ३०,६७९ उकडलेली अंडी, ६,५४७ डोनट, ६,९३९ छोटे आणि वाढदिवसाचे केक आणि सँडविचसाठी २,८४५ पौंड मांस लागलं. आणखीही सामान होतं, पण एवढ्यावरनंही बरंच समजतं. दिवसाला अंडी पडतात ९९०, म्हणजे हजारच धरा. कुकीज १,३०० च्या आत. मांस दिवसाला ४१-४२ किलो, एका सँडविचला ३० ग्रॅम धरलं तर चौदाशेच्या आसपास सँडविच. आणि जवान किती, सरासरी चार हजाराच्या घरात. म्हणजे चार जणांत एक अंडं! तीन जणांत एक सँडविच, तीन जणांत एक कुकी.

इथं सगळ्यांचा गैरसमज होतो. लोकांना वाटतं गावाने पोटभर जेवण घातलं, टेबलं ओसंडून वाहत होती, प्रत्येकाने सगळं खाल्लं. तसं नव्हतं. माणशी एक-दोन वस्तू आणि एक कप कॉफी किंवा दूध, एवढंच बसतं त्या हिशोबात. आणि तेवढंच बरोबर होतं. फौजेच्या गाडीत जेवण असतं हो. आमच्याही स्पेशलला किचन कार लागायची, तीन वेळचं चालू असायचं. जवान उपाशी नसतो. त्याला काय नको झालेलं असतं, तर तोच डबा, तीच माणसं, तोच लंगरचा वास, आणि आपण कुठं चाललोय ते माहीत नाही. त्याला दहा मिनिटं खाली उतरायचं असतं, आपल्या आईच्या वयाच्या बाईच्या हातनं काहीतरी घ्यायचं असतं, कुणीतरी ‘काय रे बाळा’ म्हणायला हवं असतं. तिथं एक पियानोही ठेवलेला होता, पोरं यायची, अर्धं गाणं वाजवायची, शिट्टी झाली की पळायची. वाढदिवस असेल त्याला अख्खा केक, दिवसाला वीसेक केक जायचे असं सांगतात. मला विचाराल तर बऱ्याच पोरांनी वाढदिवस खोटा सांगितला असणार, मी पण सांगितला असता.

माणशी खर्च छोटा ठेवला म्हणून तर ते चार वर्षं टिकलं. पैशाचा हिशोब बघा. सरकारकडनं एक पैसा घेतला नाही. रोख जमा झाले १ लाख ३७ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे जवानामागं सव्वादोन सेंट! प्रेसिडेंट रूझवेल्टने पाठवले ५ डॉलर, त्याचं कौतुक झालं. बाकी पैसा नाचाचे कार्यक्रम, भंगार गोळा करून विकणं, असल्यातनं आला. एक शाळकरी पोरगा तर गुरांच्या बाजारात लिलावाच्या वेळी अंगातला शर्ट काढून विकायचा, घेणारा पैसे द्यायचा आणि शर्ट परत करायचा, पुढच्या बाजारी परत तोच शर्ट. तरी सव्वादोन सेंटमध्ये कुकीपण होत नाही. याचा अर्थ खरं सामान पैशात मोजलंच गेलं नाही. अंडी, दूध, मांस, पीठ, सगळं शेतातनं आणि घराघरातनं आलं. शिकारीच्या दिवसांत फेझंट पक्षी मारून त्याची सँडविच केली, लांबून आलेल्या पोरांना तर ते नवलच वाटायचं.

आणि हे सगळं रेशनिंगच्या काळात, हे लक्षात घ्या. साखर १९४२ पासून कूपनवर, कॉफी काही महिने कूपनवर, मांस १९४३ पासून कूपनवर, पेट्रोल आणि टायर पण मोजूनच मिळायचे. केक करायला साखर लागते, ती साखर बाईने आपल्या घरच्या कूपनातनं काढलेली असायची. म्हणजे घरातली पोरं महिनाभर कमी गोड खाणार आणि कुणा परक्या पोराचा वाढदिवस होणार.

एकट्या नॉर्थ प्लॅटला हे झेपलंच नसतं, आणि या एका बाबतीत त्यांनी फार शहाणपणा केला. आजूबाजूची साधारण १२५ गावं आणि वस्त्या यात घेतल्या, शेजारच्या कोलोराडोतल्याही काही. प्रत्येकाला दिवस ठरवून दिला. त्या दिवशी त्या गावाच्या चर्चच्या, क्लबच्या बायका सामान घेऊन यायच्या, दिवसभर त्याच वाढणार, त्याच धुणार, रात्री घरी. काही दीड-दोनशे किलोमीटरवरनं यायच्या, एका गाडीत दाटीवाटीने, पेट्रोल वाटून घेऊन. असे मिळून ५५ हजार स्वयंसेवक झाले. भागा १२५ ने, गावाला ४४० च्या आसपास. म्हणजे गावातल्या जवळपास प्रत्येक घरातनं कुणी ना कुणी. पण एका बाईला महिन्या-दोन महिन्यातनं एकदा यावं लागायचं, रोज नाही.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. वारीच्या वाटेवर दिंडीची पंगत कशी चालते, या मुक्कामाला अमक्या गावाची, पुढच्या मुक्कामाला तमक्या गावाची, वर्षानुवर्षं ठरलेलं. गावाची पाळी असली की गाव आपोआप राबतं, कारण शेजारच्या गावाने काल काय वाढलं ते सगळ्यांना माहीत असतं! नॉर्थ प्लॅटलाही ही चढाओढ चालायचीच असणार, बायका बायका आहेत शेवटी (आणि आमच्या युनिटचे लांगरी त्याहून कमी नाहीत).

आता गाडी कधी येणार हे कळायचं कसं? युद्धाचा काळ, फौजेच्या गाड्यांचं टायमिंग गुप्त. टाइमटेबल लावून ठेवता येत नाही. रेल्वेची माणसं आयत्या वेळी निरोप द्यायची आणि त्याला एक परवलीचं वाक्य होतं, ‘कॉफीचं भांडं चढवलंय’ अशा अर्थाचं. ते ऐकलं की कामाला लागायचं. आमच्याकडं एमसीओ असतो स्टेशनवर, मूव्हमेंट कंट्रोलवाला, त्याच्याशी ओळख असेल तर लंगर वेळेवर, नाहीतर डाळ गार. कॅटरिंगमध्ये शिजवणं हे तिसऱ्या नंबरचं काम आहे, पहिलं काम माणसं कधी येणार ते कळणं आणि दुसरं किती येणार ते कळणं. पहाटेपासून रात्रीची शेवटची गाडी जाईपर्यंत खोली उघडी असायची. ज्यांना उतरता येत नाही, हॉस्पिटल गाडीतले जखमी वगैरे, त्यांच्यासाठी मुली टोपल्या घेऊन डब्याडब्यात जायच्या. पॉपकॉर्नचे लाडू करायच्या आणि त्यात पोरी चिठ्ठीवर आपलं नाव-पत्ता घालायच्या, त्यातनं पत्रव्यवहार झाले आणि काही लग्नंसुद्धा. आमच्या राशनमध्ये असलं काही निघालं नाही कधी, खडे मात्र निघाले.

एक गोष्ट कौतुकाच्या लेखात गाळली जाते म्हणून मुद्दाम लिहितो. याच नॉर्थ प्लॅटमधनं १९२९ साली, एका काळ्या माणसाच्या हातनं पोलीस मारला गेला म्हणून, जमावाने गावातल्या काळ्या लोकांना हुसकावून लावलं होतं. तेव्हा फौजेतही काळ्या जवानांची युनिटं वेगळी होती. आणि बारा-तेरा वर्षांनी त्याच गावाच्या कॅन्टीनमध्ये काळ्या जवानांनाही त्याच टेबलावरनं वाढलं गेलं. दोन्ही खरं आहे. गाव देवमाणसांचं होतं असं समजू नका, साधी माणसं होती.

माझा एक अनुभव सांगतो, कारण प्रश्नात सेटअप विचारलाय. १९९९, कारगिल चालू, आमची स्पेशल उत्तरेकडं निघालेली. स्टेशनचं नाव सांगत नाही. गाडी थांबली आणि बघतो तर प्लॅटफॉर्म भरलेला, हार, गुलाल, बँड, आणि लोकांनी मोठाल्या पातेल्यात रस्साभाजी, पुऱ्या आणि शिरा आणलेला. इतकं प्रेमाने आणलेलं. पण वाढायला पत्रावळी, लाईन एक, आणि आधी पुढाऱ्याचं भाषण. गाडी थांबली सहा-सात मिनिटं. भाषण संपेपर्यंत सिग्नल झाला. तीस-चाळीस जणांना मिळालं असेल, तेही रस्सा युनिफॉर्मवर सांडून. पातेली तशीच भरलेली राहिली आणि त्या बायकांचे चेहरे मला अजून दिसतात. आणि त्याच प्लॅटफॉर्मच्या टोकाला, आमच्या डब्यापाशी, एक म्हातारी कागदाच्या पुड्या खिडकीतनं आत टाकत होती, शेंगदाणे आणि गूळ. शंभर तरी पुड्या असतील, चुलीपाशी बसून बांधलेल्या. अख्ख्या डब्याला मिळाल्या. दोन दिवस पुरवून खाल्ल्या पोरांनी.

तेव्हा बेटा, तुझ्या प्रश्नाचा सेटअपचा भाग असा. जागा गाडी थांबते तिथली घे, जिथं थांबावी असं वाटतं तिथली नको. रेल्वेची परवानगी आणि आतला एक माणूस, जो फोन करेल, हे आधी, मेनू नंतर. ओलं काही नको, ताट लागेल असं काही नको. टेबलं दोन्ही बाजूंनी मोकळी ठेव, गेटच्या तोंडाशी लावू नको नाहीतर तिथंच गर्दी तुंबते, पहिल्या माणसाला आत खोलवर जाऊ दे. कॉफी-चहा आधी ओतून ठेव, गार झाला तरी चालतो, ओतत बसलास तर संपलं. माणशी दोन वस्तूंचा हिशोब धर आणि तोच चार वर्षं झेपेल का ते बघ, पहिल्या दिवशी जेवणावळ घालून दुसऱ्या महिन्यात बंद पडणारे मी खूप बघितलेत. पाळी गावाला दे, माणसाला नको, माणूस आजारी पडतो. शिळ्याचा विचार आधी कर. अंडा-मेयोनीजची सँडविचं उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नको, तिकडं बर्फ पडायचा म्हणून खपलं असेल, आपल्याकडं अख्खी गाडी आजारी पडेल आणि मग जवानांनी बाहेरचं खायचं नाही असा हुकूम निघेल. तसाही बऱ्याच वेळा असतोच, त्यामुळं गाडीच्या कमांडरला आधी विचार. आणि भाषण ठेवायचंच असेल तर गाडी सुटल्यावर ठेव.

अंडी मात्र आदल्या रात्रीच उकड, पूर्ण गार झाल्यावर टोपलीत भर, आणि मीठ वेगळं, कागदाच्या चिमूटभर पुड्यांत. पुड्या बांधायला शाळेतली पोरं बसव, ती पटपट बांधतात.